पाण्यातला ण

‘ही कुठली भाषा?’

पोस्टकार्डावर या वाक्याच्या आधीही बरंच होतं आणि नंतरही होतं. चित्रं आवडली असं होतं, हात चांगला आहे असं होतं, मुलांसाठी मिठावर एक अंक काढायचं मनात आहे असंही होतं. पण एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा अशी मी दारात उभी राहून ते कार्ड वाचत होते, तेव्हा मला हे तीनच शब्द दिसले. खाली आणखी एक ओळ होती: ‘मजकूर मुलांना वाचता येईल असा हवा.’ आणि त्याखाली सही, विमलाबाईंची. त्या ठाण्याहून मुलांचं त्रैमासिक काढतात; माझी चित्रं कुठं बघायची ते मीच त्यांना पत्रानं कळवलं होतं. त्यांच्या निळ्या अक्षरातला प्रत्येक ण असा टोकदार, पोट आत घेऊन उभा राहिलेला होता. माझे कान तापले. असे तापतात तेव्हा मला पाचवीतला फळा दिसतो, आणि फळ्यापुढे उभी मी.

मी आता दहावीत आहे, आणि खरं सांगायचं तर या वर्षी मला स्वतःविषयी काहीही वाटू लागलं होतं. वक्तृत्वात पहिली. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए. आणि सबंध वर्गात एकटीची वेबसाइट! अख्ख्या डोंबिवलीत कुणा मुलीची असेल तर तिनं हात वर करावा, असं मी मधल्या सुट्टीत बाकावर चढून म्हटलं होतं. मुलींनी विचारलं, म्हणजे काय असतं गं त्यात? मी म्हटलं, मी असते. एक फुकटची जागा असते, तिचा पत्ता वीतभर लांब असतो, मध्येच एक नागमोडी रेघ असते, आणि तिथं मी माझी चित्रं लावलीत. वर नाव दिलंय ‘बायजा’. त्यावर त्या हसल्या. बायजा कोण? मी म्हटलं, मीच. हजेरीत मी वैजयंती आहे, वैजयंती काळुराम केणे. पण ते नाव पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी टेबलापलीकडून आलं. बाबांनी माझं नाव सांगितलं, आणि लिहिणाऱ्या बाईंनी पेन वर उचलून म्हटलं, ‘बायजा? हे कसलं नाव? वैजयंती असेल.’ बाबा म्हणाले, ‘तुमी म्हनाल ता लिवा, बाई.’ झालं. साइटवर मला कुणी विचारणारं नव्हतं. तिथं पहिल्या ओळीत मी जे टाइप केलं तेच राहिलं. ती तीन अक्षरं पडद्यावर उमटली तेव्हा मी शीलाताईच्या दुकानात खुर्चीवर गोल फिरले होते.

शीलाताईचं दुकान मानपाडा रोडला. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, आणि कोपऱ्यात इंटरनेट. तिचा आणि माझा करार साधा आहे. मी तिला पत्रिकांसाठी गणपती काढून द्यायचे, ती माझी चित्रं स्कॅन करून देणार आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना कॉम्प्युटरवर बसू देणार. उजव्या सोंडेचा काढू नको, गिऱ्हाईक घाबरतं, एवढीच तिची अट. आता यातल्या कटकटी सांगत बसले तर माझं रडगाणं वाटेल, पण त्या होत्याच. चित्र वर चढायला वीस मिनिटं, आणि एकोणिसाव्या मिनिटाला वरच्या मजल्यावर शीलाताईच्या सासूबाई फोन उचलणार, लाइन तुटणार. मग आम्ही दोघी छताकडे बघून एकदमच ‘आई!’ म्हणून ओरडणार. मिठाचा पांढरा मी रंगवत नाही, तिथं कागद तसाच सोडते, तेच माझं मीठ. पण स्कॅनरच्या काचेवर कुठल्या तरी पत्रिकेची हळद लागलेली. किती पुसली तरी जाईना. त्यामुळे साइटवर माझ्या सगळ्या मिठाच्या राशी उजव्या अंगाला पिवळ्या, लग्न ठरल्यासारख्या. खाली पाहुण्यांचा आकडा होता. तो एकशे सदतीसवर गेला त्या दिवशी मी शीलाताईला वडापाव खायला लावला. ती खाता खाता म्हणाली, ‘अगं वेडे, तू उघडतेस ना, ते पण तो मोजतो.’ मी मनातल्या मनात माझ्या भेटी वजा केल्या. किती उरले ते तिला सांगितलं नाही.

चित्रं अकरा होती आणि अकराच्या अकरा लक्ष्मीआत्याची होती. म्हणजे काढलेली मी, पण आत्याच्या डोळ्यांतून. आत्या बाबांची थोरली बहीण. तिची उमेदीची वर्षं ठाण्याच्या खाडीकडच्या मिठागरावर गेली, नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली ती आमचीच झाली. तिच्या टाचांच्या भेगा बघून मी पहिलं चित्र काढलं. ते तिला दाखवलं तर ती म्हणाली, ‘ह्या पाय माजं नाय. माजं पाय पान्यान हायत, तू बाहेर काढलंस.’ मग मी पाणी काढलं. मग ती सांगत गेली. ती मासळी साफ करत बसायची, मी उंबऱ्यावर पाय पसरून. ती मध्येच काहीतरी बोलायची, आणि मी चित्र उलटं करून पाठीमागे पेन्सिलीनं ते तसंच्या तसं लिहून घ्यायची. तिला लिहिता-वाचता येत नाही. ‘काय लिवतेस?’ ‘तू बोलतेस तेच.’ ‘कशाला? कोन वाचल?’ ‘जग वाचल, आत्या! अमेरिका वाचल!’ यावर ती कोयतीनं शेपटी उडवायची आणि म्हणायची, ‘अमेरिकेला सांग, मीठ जपून खा.’ साइटवरच्या पहिल्या चित्राखाली तिचं वाक्य होतं, ‘पानी निजला कं मीठ उठतं.’ निजला. की निवला? तेव्हा मला हा प्रश्न पडलाच नव्हता, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं ना. त्या वेळी ते वाक्य ऐकून माझ्या मानेवर काटा आला होता एवढं आठवतं. खाडीचं पाणी आत घेतलेलं, वाफ्यात कोंडलेलं, वारा पडलेला, दुपार, आणि त्या निजलेल्या अंगावर पांढरा थर हळूच उठून बसतोय. ते चित्र मी एका बैठकीत काढलं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं.

आणि आता हे: ही कुठली भाषा.

पाचवीत आमच्या बाईंनी मला धडा वाचायला उभं केलं होतं. मी ‘पानी’ म्हटलं. वर्ग हसला नाही, खरंच नाही, उलट सगळे एकदम गप्प झाले. ते जास्त वाईट. बाईंनी मला फळ्याजवळ बोलावलं, स्वतःचं तोंड उघडून बोट आत नेऊन दाखवलं. ‘जीभ वर. मागे. टाळूला लाव. ण. म्हण, पाणी.’ मी म्हटलं. ‘पुन्हा.’ मी म्हटलं. असं किती वेळा ते आठवत नाही. पण शेवटी पाण्याला चव उरली नाही, नुसता ण उरला, टाळूला चिकटलेला. घरी येऊन मी माठाजवळ उभी राहून, बाईंसारखंच तोंडात बोट नेऊन, पाणी पाणी म्हणत राहिले. आत्या मासळी साफ करता करता बघत होती. आईला वाटलं तहान लागली, तिनं तांब्या भरून दिला. पुढे मी इतकी पटाईत झाले की वक्तृत्वाच्या परीक्षकांनी विचारलं, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का? मी तेव्हा नुसतं गोड हसले. ते गोड हसणं मला आता आठवू नये असं फार वाटतं. पण ते आठवतंच. घरी बाबांशी, आत्याशी मी आमचं बोलते, दप्तर उचललं की जीभ टाळूला लावते. मधे कुठंतरी, म्हणजे रेल्वेच्या पुलावर बहुधा, ती फिरते. आणि साइट ही मला वाटलं होतं पुलाच्या कुठल्याच बाजूला नाही. तिथं टाळू नाही, बाई नाहीत. पण बाई सगळीकडे असतात. ठाण्यातही असतात आणि पोस्टकार्डं लिहितात.

त्या दुपारी मी अकराही चित्रं आमच्या ओट्यावर उलटी मांडली आणि खोडरबर घेतला. रागानं नाही. माझी शरम इतकी नीटनेटकी होती की मी प्रत्येक ओळ सरळ रेषेत, डावीकडून उजवीकडे पुसली. फुंकर मारली. मग विज्ञानाचं पुस्तक उघडलं आणि शाईच्या पेनानं लिहिलं: ‘पाण्याचे बाष्पीभवन झाल्यावर मीठ तयार होते.’ दुसऱ्याच्या मागे: ‘मिठागरातील कामगारांना अनेक अडचणींना तोंड द्यावे लागते.’ तिथं आत्याचं काय होतं? पायाविषयी काहीतरी, मिठाला पाय ओळखू येतात असं काहीतरी. जाऊ दे. दुसऱ्या दिवशी शीलाताईकडे जाऊन मी साइटवरचं सगळं बदललं, फ्लॉपीवरही नवीन घातलं. जुनं ठेवू का असं तो कॉम्प्युटर विचारत होता, मी नाही म्हटलं. सगळ्यात वर ‘बायजा’च्या जागी ‘कु. वैजयंती काळुराम केणे’ केलं. शीलाताई मागून बघत होती. ‘आधीचं मजेशीर होतं गं.’ ‘मजेशीरच नकोय,’ मी म्हटलं.

मग घरी येऊन आत्याला वाचून दाखवलं. का दाखवलं? शाबासकीसाठी असेल. ती तांदूळ निवडत होती. ऐकलं, हात थांबवला. ‘हा मी बोललेली?’ ‘तूच. फक्त शुद्ध केलं.’ ‘परत वाच.’ मी परत वाचलं. ‘परत.’ मला वाटलं तिला आवडतंय. तिसऱ्यांदा वाचल्यावर ती म्हणाली, ‘चांगला हाय. माना नसता येत असा बोलाला.’ आणि सूप हलवू लागली. नंतरच्या दिवसांत मी तिला दोन-तीनदा पाहिलं, कपडे धुताना, चुलीशी, ओठ हलताहेत, आवाज नाही. आमच्याकडे लग्नात बायका गाणी म्हणतात ना, तसलं काही गुणगुणत असेल असं मला वाटलं. मी थांबून ऐकलं नाही. मला विमलाबाईंना पत्र लिहायचं होतं: ‘आपल्या सूचनेप्रमाणे मजकुरात सुधारणा केली आहे.’ या वाक्यावर मी बराच वेळ खूश होते.

त्यांचं दुसरं कार्ड आलं. मूळ चित्रं घेऊन भेटायला ये, आत्यालाही आण. आम्ही रविवारी गेलो. बसनं, शीळफाट्यावरून. आत्यानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं आणि चित्रांची गुंडाळी तिनं स्वतःच्या मांडीवर आडवी धरलेली, तान्ह्या पोरासारखी. मुंब्र्याच्या पुढं खाडी दिसली तेव्हा मी म्हटलं, ‘आत्या, तुजी खारी!’ तिनं खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा ओठ हलवू लागली. माजिवड्याला नव्या बिल्डिंगा झाल्यात, त्यातल्या एकीत चौथ्या मजल्यावर विमलाबाई. पांढरे केस, सुती साडी. त्यांनी दार उघडलं तेव्हा मी जीभ टाळूला लावून तयारच होते. पण त्या फार चांगल्या निघाल्या. त्याच तर माझी पंचाईत करून ठेवतात, चांगल्या बायका. आत्याला त्यांनी हात धरून सोफ्यावर बसवलं. आत्या काठावर बसली.

‘आधी तुझी ती जागा उघडू,’ त्या म्हणाल्या. ‘मुलानं शिकवलंय मला. एकटीनं जमतं आता.’ कॉम्प्युटरवर विणलेलं झाकण होतं, ते त्यांनी घडी घालून बाजूला ठेवलं. फोनची ती शिट्टी झाली. आणि माझं चित्र वरून खाली, पट्टीपट्टीनं, उतरू लागलं. आधी आभाळ, मग वाफ्यांच्या रेघा, मग निजलेलं पाणी. मी शीलाताईच्या दुकानाबाहेर ते पहिल्यांदाच पाहत होते. माझं चित्र, दुसऱ्याच्या घरात! पिवळी रास आली. मग तिच्याखाली ओळ आली.

डोक्यावर टोप्या घातलेले ए होते. दोन-दोन टिंबंवाले ओ होते. मधेच एक पौंडाचं चिन्ह, एक उलटं प्रश्नचिन्ह, पुन्हा टोपीवाले ए, ओळीनं, वरातीला निघाल्यासारखे. सगळ्यात वर, माझ्या नावाच्या जागीही तेच.

‘हे बघ,’ विमलाबाई म्हणाल्या. ‘मागेही असंच होतं. तू लिहिलंस मजकूर सुधारला, पण मला बाई काही फरकच दिसेना. आधी मला वाटलं, जर्मन आहे. माझे दीर होते तिकडे, त्यांच्या पाकिटांवर अशी टिंबं असायची. म्हटलं, एवढीशी मुलगी जर्मनमध्ये मिठाबद्दल काय लिहितेय?’ त्या हसल्या. ‘म्हणून तर विचारलं तुला, ही कुठली भाषा.’

मी पण हसले. मला लगेच कळलं होतं. एकदा शीलाताईनं पत्रिकेची फ्लॉपी कल्याणच्या प्रेसला दिली होती आणि छापून आलेल्या नमुन्यात नवरदेवाच्या जागी अशीच टोपीवाल्यांची रांग होती. शीलाताई हसून लोळली होती. ‘आपला फॉन्ट त्यांच्याकडे नाही ना, मग अक्षरं अशी वेडी होतात.’ मी पण लोळले होते. म्हणजे मला माहीत होतं! हातात होतं, आणि मी ते माझ्या साइटला लावून पाहिलं नाही, कारण शरम आधी पोचली. कुणी काहीच वाचलं नव्हतं. ना ‘पानी’, ना ‘पाणी’. ना बायजा, ना वैजयंती. आमची भाषा कुणी अशुद्ध म्हटलीच नव्हती. मी एकटीनंच वर्ग भरवला, एकटीच फळ्याजवळ उभी राहिले आणि एकटीनंच पुसलं.

‘मूळ चित्रांवर असेल ना लिहिलेलं?’ विमलाबाईंनी गुंडाळी सोडली, पहिलं चित्र उलटं केलं, वाचलं. त्यांच्या भुवया जवळ आल्या. ‘बाष्पीभवन. हं. हे पुस्तकातलं झालं, बाळ. पुस्तकं मुलांना शाळेत आहेतच. मला वाटलेलं, ज्यांनी ते मीठ काढलं त्या काय म्हणतात ते ऐकावं.’ त्यांनी चष्मा लावला, वही घेतली, आत्याकडे वळल्या. ‘तुम्हीच सांगा ना. अगदी तुमच्या शब्दांत. मी लिहून घेते.’

खोलीत पंखा फिरत होता. मला वाटलं, वाचलो. सगळं परत मिळणार. अकराच्या अकरा. आत्या बोलणार आणि ते कागदावर उतरणार, आणि ही बाई ते छापणार, आणि निजला होतं की निवला तेही कळणार. मी तिच्याकडे असं पाहिलं की तसं कुणी देवीकडेही पाहत नसेल. आत्यानं पदर खांद्यावरून ओढून घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि समोरच्या भिंतीकडे बघत, एकेक शब्द वेगळा करून, म्हणाली,

‘पाण्याचे. बाष्पी. भवन. झाल्यावर. मीठ तयार होते.’

ण स्वच्छ होता. जीभ वर, मागे, टाळूला.

‘आत्या, तसं नाही,’ मी म्हटलं. ‘आपण घरी बोलतो तसं सांग ना.’ पण ते मी शुद्ध बोलले. त्या खोलीत माझी जीभ उतरेचना. तुझा तू बोल गो, एवढंच म्हणायचं होतं. आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं ण चुकला. तिनं पुन्हा म्हटलं, या वेळी ण आणखी जोरात, दगडावर कपडा आपटावा तसा. मग पुढचं म्हटलं. अनेक अडचणींना तोंड द्यावे लागते. तिला अकराही पाठ होती. मी तीनदाच वाचली होती.

विमलाबाईंचं पेन वहीवर टेकलेलं होतं, चाललं नव्हतं. ‘छान,’ त्या म्हणाल्या. ‘किती स्पष्ट बोलता हो.’ आत्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘बराबर बोलली ना मी?’ हे मात्र तिनं आमच्यात विचारलं, हळूच. मी म्हटलं, ‘बराबर.’ आणखी काय म्हणणार होते?

त्यांनी दोन चित्रं ठेवून घेतली. मजकूर इथंच कुणाकडून तरी करून घेऊ, म्हणाल्या. खाली नाव काय घालू, वैजयंती ना? मी होय म्हटलं. पोहे चांगले होते.

बसस्टॉपवर मी उरलेली चित्रं उलटी करून उन्हात तिरकी धरली. पेन्सिल पुसली तरी तिचा दाब कागदावर राहतो. शाईच्या रेघांखाली कुठं एखादी वेलांटी, कुठं कान्याची खाच दिसते. पण निजला-निवलाचं चित्र विमलाबाईंच्या टेबलावर राहिलं होतं. बस आली. आत्या खुशीत होती. इतकी खुशीत मी तिला कुणाच्या लग्नातही पाहिलेलं नाही. बाईनं तिला हात धरून बसवलं होतं, स्पष्ट बोलता म्हटलं होतं. शीळफाट्याला बस बराच वेळ उभी राहिली. एक बाई खिडकीखाली काकड्या घेऊन आली, आत्यानं दोन घेतल्या, तिखटमीठ लावून एक मला दिली. मी ती हातात धरून बसले आणि शेवटी मोठ्यानं, पुढच्या बाकावरच्या लोकांनी मान वळवावी एवढ्या मोठ्यानं, आमच्या बोलीत विचारलं, ‘आत्या, ता पयला काय व्हता गो? पानी निजला, कं पानी निवला?’

आत्यानं पुढच्या लोकांकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, माझ्या कानाशी वाकली, आणि तोंड उघडून बोट आत नेऊन दाखवलं.

‘पानी नाय बोलाचा,’ ती म्हणाली. ‘पाणी.’